सगळ्या सॉफ्टवेअरचा यूआय एकसारखा करायचाय? रंगापासून सुरुवात करू नका

प्रश्न थोडक्यात असा आहे. बेळगावात अठरा-वीस जणांची सॉफ्टवेअर कंपनी. पतसंस्थांसाठी व्हीबी ६ (विंडोजची जुनी प्रोग्रामिंग भाषा) मधलं जुनं पॅकेज, त्याचीच नवी वेब आवृत्ती, पिग्मी एजंटांसाठी अँड्रॉइड ॲप, साखर कारखान्याच्या ऊस काट्यासाठी विनफॉर्म्सचा, म्हणजे विंडोजवर चालणारा, प्रोग्राम आणि उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रींसाठी (ओतकाम कारखान्यांसाठी) जॉबवर्क-स्टॉकचं वेब पॅकेज. पाचही वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळ्या माणसांनी लिहिलेली. ग्राहक म्हणतात, ही एकाच कंपनीची वाटत नाहीत. मग सगळ्यांना एकच यूआय, म्हणजे स्क्रीनचं रूप आणि वागणूक, कसा द्यायचा, आणि तयार बटणं-फॉर्म देणाऱ्या लायब्रऱ्यांपैकी बूटस्ट्रॅप घ्यायचं की मटेरियल?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. कुठलंही घ्या. ती लायब्ररी फार तर दोन वेब पॅकेजांना लागू पडेल; व्हीबी ६ आणि विनफॉर्म्सला तिचा काही उपयोग नाही. शिवाय ग्राहक 'एकाच कंपनीची वाटत नाहीत' म्हणतो तेव्हा त्याला निळ्याच्या दोन छटा खुपत नसतात. एका सॉफ्टवेअरमध्ये एंटर दाबला की पुढच्या रकान्यात जाता येतं, दुसऱ्यात तोच एंटर अर्धवट भरलेला फॉर्म सेव्ह करून मोकळा होतो. एकात एफ २ ने तारीख बदलते, दुसऱ्यात एफ २ ने नवीन खातं उघडतं. खुपतं ते हे. एका स्क्रीनवर बोटांना लागलेली सवय दुसऱ्या स्क्रीनवर मोडली नाही पाहिजे. बाकी सगळं त्यानंतर. म्हणून ठरवताना क्रम असा धरा: आधी शब्द, मग कळा आणि वागणूक, मग रंग-अंतरं-अक्षरं, आणि देखणी बटणं सगळ्यात शेवटी. बऱ्याच ठिकाणी हा क्रम नेमका उलटा धरला जातो. फिग्मा या डिझाइनच्या साधनात सुंदर लायब्ररी तयार होते आणि वर्षभराने काउंटरवरचा कारकून अजून 'सेव्ह कुठं आहे हो?' म्हणून फोन करत असतो.

पहिलं काम झाडाझडतीचं. प्रत्येक उत्पादनातले रोज उघडले जाणारे दहा स्क्रीन घ्या, म्हणजे एकूण पन्नास. त्यांचे स्क्रीनशॉट ए-४ कागदावर छापून भिंतीवर लावा आणि सोबत एक एक्सेल शीट भरा: बटणावरचा मजकूर, त्याची कळ, एंटर काय करतो, एस्केप काय करतो, तारीख कशी दिसते, रक्कम कशी दिसते, चूक झाल्यावर संदेश कुठे येतो. दोन माणसांचं तीन दिवसांचं काम आहे. रंगांचा रकाना अजून ठेवू नका, नाहीतर सगळी चर्चा तिकडेच जाते. आणि हे स्क्रीनशॉट ग्राहकाच्या संगणकावरून घ्या, प्रोग्रामरच्या नव्हे. ऑफिसात १९२० बाय १०८० चा मॉनिटर असतो. काउंटरवर बहुधा १३६६ बाय ७६८, आणि अक्षरं बारीक दिसतात म्हणून कुणीतरी विंडोजचं स्केलिंग १२५ टक्के करून ठेवलेलं. म्हणजे प्रत्यक्षात हाती राहते साधारण १०९३ बाय ६१४ एवढी जागा, आणि खालचं सेव्ह बटण टास्कबारच्या मागे जातं. 'बटणच नाही' ही तक्रार अनेकदा एवढ्याचीच असते.

आता शब्द. भिंतीवरचे कागद वाचलेत तर एकाच कामाला सेव्ह, जतन करा, साठवा, नोंदवा, ओके असे चार-पाच शब्द सापडतील. शुद्ध कोणता यावर बैठक घालू नका. काउंटरवर लोक तोंडाने जे म्हणतात ते घ्या. सेव्हला लोक सेव्हच म्हणतात. पण नावे, जमा, ठेव, सभासद, थकबाकी, पासिंग, पिग्मी हे शब्द पक्के आहेत, तिथे डेबिट-क्रेडिट घुसवू नका. साठ ते ऐंशी शब्दांची यादी पुरते. प्रत्येक शब्दापुढे मराठी, कन्नड, इंग्रजी आणि 'हा शब्द कुठे वापरायचा नाही' असा चौथा रकाना ठेवा. खरं काम हा चौथा रकानाच करतो.

'रद्द' हा एकच शब्द घ्या. पतसंस्थेत व्हाउचर रद्द करणं हा हिशेबाचा व्यवहार आहे, त्याची नोंद राहते, तपासणीत तो दिसतो. आणि डायलॉगमधल्या 'कॅन्सल'चं भाषांतरही सरसकट 'रद्द करा' असंच झालेलं असतं. मग स्क्रीनवर येतं: 'हे व्हाउचर रद्द करायचे आहे का?' आणि खाली दोन बटणं, 'ओके' आणि 'रद्द करा'. व्हाउचर खरोखर रद्द करायचं असलेला कारकून 'रद्द करा' दाबतो आणि काहीच होत नाही. ज्याला माघार घ्यायची आहे तो गोंधळून 'ओके' दाबतो आणि व्हाउचर जातं. कन्नडमध्येही 'रद्दुगोळिसि' म्हणून हाच खड्डा आहे, मूळ शब्दच एक. उपाय सोपा: बटणावर पूर्ण क्रिया लिहा. 'व्हाउचर रद्द करा' आणि 'मागे जा'. 'हो' आणि 'नाही' अशी बटणं सगळ्या उत्पादनांतून हद्दपार करा, कारण प्रश्नच नकारार्थी असला की त्यांचा अर्थ फिरतो.

भाषेच्या सेटिंगबद्दल सीमाभागात एक खास चूक होते. प्रोग्राममध्ये भाषेचं एकच सेटिंग असतं, तेही संगणकामागे एक. प्रत्यक्षात भाषा तीन आहेत. स्क्रीनची भाषा काम करणाऱ्याची, म्हणून ती लॉगिनला जोडा. पावतीची भाषा सभासदाची किंवा शेतकऱ्याची, म्हणून ती त्याच्या मास्टरमध्ये ठेवा. आणि अहवालाची भाषा तो जिथे जायचा आहे तिथली. निपाणी-चिकोडीकडे कन्नड वाचणारा कारकून मराठी सभासदाला पावती देतो आणि दोन्ही गोष्टी एकाच संगणकावर घडतात. ही तीन सेटिंगं सगळ्या उत्पादनांत त्याच नावाने, त्याच जागी हवीत.

कळांबाबत नवं काही शोधू नका. इथल्या हिशेबनिसांचा हात टॅलीवर बसलेला आहे: एंटरने पुढचा रकाना, एफ २ ने तारीख, कंट्रोल-ए ने स्वीकार. एंटरची ही चाल सगळीकडे ठेवा, वेबवरही. नियम असा: एंटर पुढच्या रकान्यात नेतो, शेवटच्या रकान्यातून तो सेव्ह बटणावर थांबतो, सेव्ह होतं ते त्यानंतरच्या दुसऱ्या एंटरने. रकान्यातून थेट सेव्ह कधीच नाही. ब्राउझर फॉर्ममध्ये एंटरला मुळात सबमिट समजतो, ते मुद्दाम अडवावं लागतं. अडवताना आणखी एक गोष्ट लागते. मराठी किंवा कन्नड फोनेटिक कीबोर्डवर सुचवलेला शब्द निवडायलाही लोक एंटरच दाबतात. तो एंटर तुमच्या प्रोग्रामने 'पुढचा रकाना' समजला तर नाव अर्धवट राहून कर्सर पळतो. कळ दाबल्याच्या इव्हेंटमध्ये 'कंपोझिंग चालू आहे' असा झेंडा मिळतो, तो तपासून तेवढे एंटर सोडून द्या. रोमनमध्ये टाइप करून चाचणी घेतलीत तर हा दोष कधीच दिसत नाही.

कंट्रोल-ए वेबवर देऊ नका, तिथे ते 'सगळं निवडा' आहे. सेव्हला कंट्रोल-एस ठेवा आणि विंडोजच्या जुन्या पॅकेजात दोन्ही चालू द्या. कंट्रोल-एन, कंट्रोल-टी, कंट्रोल-डब्ल्यू या कळा क्रोमच्या साध्या टॅबमध्ये पानाच्या हाती लागतच नाहीत, तेव्हा 'नवीन'ला कंट्रोल-एन ठरवून बसू नका. एफ ५ अडवता येतो, पण अडवू नये. नेट अडकलं की लोक सवयीने तोच दाबतात.

आता टोकनकडे येऊ. डिझाइन टोकन म्हणजे रंग, अंतर, अक्षराचा आकार यांना दिलेलं नाव. त्याचे दोन थर ठेवा. पहिला थर नुसत्या किमतींचा: निळा-७००, राखाडी-६००, अंतर-१६. दुसरा थर कामाचा: मुख्य-कृतीचा-रंग, दुय्यम-मजकूर, चुकीची-कडा, रकान्यातलं-अंतर. स्क्रीन लिहिणाऱ्याला फक्त दुसरा थर वापरायची मुभा द्या. 'निळा-७००' थेट स्क्रीनवर पोचला की उद्या मुख्य रंग हिरवा करताना कुठला निळा बटणाचा आणि कुठला निळा नुसता चार्टचा, हे कुणालाच सांगता येत नाही. सुरुवातीला कामाची टोकनं चाळीसच्या आसपास ठेवा. अंतरं ४, ८, १२, १६, २४, ३२ एवढीच. अक्षरं १२, १४, १६, २०, २४. 'इथं फक्त १५ पाहिजे' म्हणणारा प्रत्येक वेळी भेटेल, त्याला १६ द्या.

सगळी टोकनं एका जेसन फाइलमध्ये (नाव आणि किंमत अशा जोड्यांच्या साध्या मजकुरात) ठेवून त्यातून वेबसाठी सीएसएस व्हेरिएबल, अँड्रॉइडसाठी एक्सएमएल आणि विनफॉर्म्ससाठी सी-शार्पचे स्थिरांक आपोआप तयार करा. स्टाइल डिक्शनरी हे फुकट साधन त्यासाठी आहे; वेब-अँड्रॉइडचे साचे त्यात तयार आहेत, बाकीचे थोडक्या कोडात लिहिता येतात. रंग मात्र हाताने नक्कल करायला गेलात तर फसाल. सीएसएसमध्ये क्रम लाल-हिरवा-निळा आणि पारदर्शकता शेवटी; अँड्रॉइडच्या एक्सएमएलमध्ये पारदर्शकता सुरुवातीला; आणि व्हीबी ६ मध्ये क्रमच उलटा, निळा-हिरवा-लाल. वेबचा निळा व्हीबीत तांबूस दिसायला लागला तर कारण हेच. ही उलटापालट जनरेटरमध्ये एकदाच लिहा आणि विसरा.

अक्षरांचं माप कुठल्या लिपीवर ठरवायचं? जिला सगळ्यात जास्त उंची लागते तिच्यावर. रोमन मजकुराला ओळीची उंची १.४ पट पुरते. देवनागरीत वर रफार-वेलांटी आणि खाली उकार येतात, कन्नडमध्ये जोडाक्षराचं दुसरं व्यंजन ओळीच्या खाली लटकतं. 'चिकोडी' रोमनमध्ये नीट बसतं आणि कन्नडमध्ये त्याच डब्यात खालून कापलं जातं. म्हणून सगळ्या भाषांना एकच १.६ पट उंची द्या. रोमन थोडं मोकळं दिसेल, दिसू द्या. भाषा बदलली की स्क्रीन उड्या मारतो, ते त्यापेक्षा वाईट. बटणाची रुंदी ठरावीक ठेवू नका, किमान रुंदी ठेवून वाढायची सोय ठेवा. कन्नड क्रियापदं लांब असतात. फॉन्टला एकच कुटुंब घ्या: वेबसाठी नोटो सान्स किंवा अनेक, दोन्हींत देवनागरी आणि कन्नड एका वळणाची मिळतात. विंडोज ८ पासून पुढे निर्मला यूआयमध्ये दोन्ही लिप्या आहेत, त्यामुळे मंगल आणि तुंगा असे दोन फॉन्ट सांभाळायची गरज उरलेली नाही.

बाहेरून आणलेल्या लायब्ररीच्या काही सवयी आपल्या लिपीत उलट्या पडतात. बटणावरचा मजकूर मोठ्या लिपीत करणं: देवनागरीत मोठी-छोटी लिपी नाही, त्यामुळे इंग्रजीत उठून दिसणारं बटण मराठीत इतर मजकुरासारखंच दिसतं. ठळकपणाने फरक दाखवा. अक्षरांमधलं अंतर वाढवणं: शिरोरेषा तुटते. तिरपी अक्षरं: बहुतेक देवनागरी फॉन्टांत ती नसतातच, ब्राउझर सरळ अक्षर ढकलून वाकवतो. लांब नाव वीस अक्षरांवर कापणं: प्रोग्राम कोडमधली चिन्हं मोजतो, त्यामुळे 'क्षीरसागर'मधला 'क्ष' मधेच तुटून पायमोडका 'क्' उरतो, जावास्क्रिप्टमध्ये अक्षरगट मोजणारा सेगमेंटर आहे, तो वापरा. आणि पानाला भाषेची खूण मराठी म्हणूनच द्या, हिंदी म्हणून नको. फॉन्टात सोय असेल तर त्या खुणेवरूनच मराठी वळणाचा ल आणि श दिसतो.

शोधाच्या चौकटीतही लिपी आडवी येते. 'ॲ' हे अक्षर एका कीबोर्डवर एकसंध येतं, दुसऱ्यावर अ आणि चंद्र अशा दोन तुकड्यांत. 'ऱ्या' सुद्धा दोन प्रकारे साठवला जातो. डोळ्यांना फरक दिसत नाही, शोधात मात्र एक सापडतं, दुसरं नाही. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन हा फरक मिटवत नाही. साठवताना आणि शोधताना दोन्हीकडे एकच रूप करणारं छोटं फंक्शन लिहून ते पाचही उत्पादनांना द्या. गावाचं नाव तर टाइपच करू देऊ नका. बेळगावचं सरकारी नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी झालं, लोक दोन्ही लिहितात, जुन्या डेटात 'बेळगांव' अनुस्वारासकट असतं. गावाला कोड द्या आणि ही सगळी नावं त्याच कोडकडे वळवा.

आता एकच कंपोनंट, म्हणजे स्क्रीनचा पुन्हा पुन्हा वापरायचा तुकडा, जवळून बघू, कारण सारखेपणाची खरी परीक्षा तिथे आहे: रकमेचा रकाना. पाचही उत्पादनांत तो आहे आणि पाचही ठिकाणी वेगळा वागत असणार.

वेबवर त्याला 'नंबर' प्रकार देऊ नका. तो स्वल्पविराम घेत नाही, देवनागरी आकडे घेत नाही, आणि कर्सर आत असताना माउसचं चाक फिरलं तर काही ब्राउझरांत रक्कम गुपचूप बदलते. पाच हजारांची चार हजार नऊशे अठ्ठ्याण्णव कशी झाली ते संध्याकाळी रोकड जुळवताना कळतं. साधा टेक्स्ट प्रकार ठेवा आणि मोबाइलसाठी इनपुट मोड दशांशाचा द्या. देवनागरी, इंग्रजी (12345) वा कन्नड, कुठलेही आकडे आले तरी आत एकाच रूपात साठवा. एक्सेलमधून स्वल्पविराम आणि रुपयाच्या चिन्हासकट चिकटवलेली रक्कम स्वीकारा. टाइप करताना स्वल्पविराम टाकू नका, कर्सर उड्या मारतो. रकान्यातून बाहेर पडल्यावर १,२५,०००.०० असं रूप द्या. आकडे उजवीकडे, समान रुंदीचे, म्हणजे खालीवर रकमा दशांशाला दशांश लागून येतात. रिकामा रकाना रिकामाच दिसला पाहिजे, ०.०० दाखवलंत तर 'भरलेलं नाही' आणि 'शून्य भरलं' यातला फरक जातो. शिल्लक दाखवताना उणे चिन्ह नको, रकमेपुढे 'नावे' किंवा 'जमा' लिहा.

आकडे दाखवण्यात एक गंमत आहे. ब्राउझरचं अंगभूत फॉरमॅटिंग मराठी लोकेलला (भाषा-प्रदेशाच्या सेटिंगला) देवनागरी आकडे देतं, कन्नड लोकेलला मात्र 1, 2, 3 असे इंग्रजी आकडे. काही न ठरवता भाषा जोडल्यात तर एकाच पॅकेजच्या दोन भाषांत दोन तऱ्हा दिसतील, आणि मराठी स्क्रीनवरून एक्सेलमध्ये नेलेल्या बेरजा लागणार नाहीत. माझा कौल: व्यवहाराच्या स्क्रीनवर सगळ्या भाषांत इंग्रजी आकडे, लोकेलच्या नावापुढे 'यू-एनयू-लॅटन' हा तुकडा जोडून. पावतीवर सभासदाला देवनागरी आकडे हवे असतील तर ते तिथे खुशाल द्या.

तारखेचं थोडक्यात: ब्राउझरची तयार तारीख-पेटी पानाची भाषा बघत नाही, संगणकाची किंवा ब्राउझरची बघते. अमेरिकन इंग्रजी सेटिंग असलेल्या संगणकावर ती महिना आधी दाखवते आणि ०३/०४ हा दिवस ४ मार्च की ३ एप्रिल यावर वाद होतो. आर्थिक वर्ष बदलतं तिथेच नेमका. स्वतःचा साधा रकाना करा, दिवस-महिना-वर्ष, '५' टाइप केलं की चालू महिन्याची ५ तारीख.

ऊस नोंदणीच्या स्क्रीनवर क्षेत्राचा रकाना असतो, तो वेगळा सांगण्यासारखा आहे. कर्नाटकातल्या पहाणी उताऱ्यावर एकर-गुंठे, पलीकडच्या सातबाऱ्यावर हेक्टर-आर, आणि सीमेवरच्या शेतकऱ्याची जमीन दोन्हीकडे. एकच दशांश रकाना दिलात तर लोक २ एकर २० गुंठे हे '२.२०' लिहितात. प्रोग्राम ते २.२ एकर धरतो, म्हणजे २ एकर ८ गुंठे. बारा गुंठे गेले. दोन वेगळ्या चौकटी द्या, गुंठ्याला ३९ ची मर्यादा घाला, आणि शेजारी हेक्टरमधलं रूपांतर नुसतं दाखवा: २ एकर २० गुंठे म्हणजे १.०१ हेक्टर. फाउंड्रीच्या बिलातही सीमा अशीच आत येते. ग्राहकाच्या जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे २९ असतील तर कर्नाटक, २७ असतील तर महाराष्ट्र. माल उद्यमबागेतून निपाणीला गेला तर सीजीएसटी-एसजीएसटी, थोडं पुढे कागलला गेला तर आयजीएसटी. हे पुरवठ्याच्या ठिकाणावरून प्रोग्रामने ठरवायचं आणि सगळीकडे एकाच जागी दाखवायचं. कारकुनाला निवडायला लावायचं नाही.

रंगाबद्दल आता बोलायला हरकत नाही. लाल फक्त चुकीला आणि काढून टाकण्याला. थकबाकी लाल, उणे लाल, मुख्य बटण लाल असं केलंत तर लालाचा अर्थच उरत नाही. मजकूर आणि पार्श्वभूमी यांत डब्ल्यूसीएजी या वेब सुलभतेच्या निकषांप्रमाणे उजळपणाचा किमान ४.५ ला १ एवढा फरक हवा. पांढऱ्यावर ७६७६७६ या कोडचा राखाडी जेमतेम पास होतो, ७७७७७७ नापास. फॅशनमधला ९९९९९९ तर २.८५ वरच थांबतो. ५९५९५९ घ्या, ७ ला १ मिळतो आणि उन्हात उभ्या पिग्मी एजंटालाही वाचता येतो. बोटाच्या जागेला डब्ल्यूसीएजी २.२ मध्ये २४ पिक्सेलची किमान अट आहे, अँड्रॉइडची शिफारस ४८ डीपी (अँड्रॉइडचं पडद्यावरचं माप), म्हणजे अंदाजे ९ मिलिमीटर. फाउंड्रीत टॅबलेट हातमोज्यांनी वापरला जाणार असेल तर ६४ करा.

इथे सारखेपणाला मर्यादा येते, आणि ती येऊ द्यावी. काट्यावरच्या माणसाला भरलेलं वजन, रिकामं वजन, निव्वळ वजन हे तीन आकडे खुर्चीपासून लांबून दिसायला हवेत, तिथे ६४ पिक्सेलचं अक्षर योग्य. पतसंस्थेच्या काउंटरला एका स्क्रीनवर वीस ओळी हव्यात. दोन्हीकडे टोकनं तीच, शब्द तेच, कळा त्याच, दाटी वेगळी. टोकनांमध्ये 'दाट' आणि 'मोकळी' अशा दोन घनता ठेवल्या की भागतं. तसंच अँड्रॉइडवर मागे जायची पद्धत अँड्रॉइडचीच राहू द्या, विंडोजसारखं 'बंद करा' बटण तिथे लादू नका.

पावती हाही यूआयच, आणि ती शेतकऱ्याच्या घरी जाते. ५८ मिलिमीटरच्या थर्मल कागदावर छपाई होते ४८ मिलिमीटर, २०३ डीपीआयला ३८४ ठिपके. ८० च्या कागदावर ७२ मिलिमीटर, ५७६ ठिपके. स्वस्त प्रिंटरांत देवनागरी-कन्नड अक्षरं बहुधा नसतात, म्हणून पावती चित्र करून पाठवा, अक्षर २२-२४ ठिपक्यांपेक्षा लहान नको. क्रम सगळ्या उत्पादनांत एक: संस्था, पावती क्रमांक आणि तारीख, नाव, रक्कम आकड्यात, रक्कम अक्षरी, शिल्लक.

व्हीबी ६ वर फार जीव टाकू नका. त्याचे मूळ कंट्रोल युनिकोड दाखवत नाहीत. तिथलं मराठी-कन्नड म्हणजे बहुधा श्रीलिपी किंवा नुडीसारखा जुना फॉन्ट. तिथे शब्द, कळा आणि चार रंग एवढंच जुळवा, बाकी वेब आवृत्तीत जाईल. विनफॉर्म्सला एक मूळ फॉर्म करा आणि सगळे फॉर्म त्यातून काढा. फॉन्ट मायक्रोसॉफ्ट सान्स सेरिफ ८.२५ वरून निर्मला यूआय १० वर नेताना आधी ऑटोस्केल मोड बघा. तो फॉन्टवर असेल तर अख्खा फॉर्म फुगतो आणि १३६६ च्या स्क्रीनबाहेर जातो. दोन वेब पॅकेजांना कंपोनंटची एकच लायब्ररी खाजगी एनपीएम पॅकेज (जावास्क्रिप्टचा कोड वाटायची पद्धत) म्हणून द्या. फाइली कॉपी करून दोन्हीकडे ठेवल्यात तर तीन महिन्यांत दोन लायब्रऱ्या होतात. टोकनचं नाव बदललं तर आवृत्तीचा पहिला आकडा वाढवा आणि जुनं नाव आणखी दोन आवृत्त्या चालू ठेवा. बिल्डमध्ये, म्हणजे कोडचा चालता प्रोग्राम तयार होतो त्या टप्प्यात, नियम घाला: स्क्रीनच्या कोडात थेट रंग लिहिला की बिल्ड अडणार. हा नियम पहिल्या दिवशी नव्या फाइलींनाच लावा, जुन्यांना लावलात तर हजार चुका येतील आणि कुणीतरी तो बंद करून टाकेल.

या सगळ्याला एक मालक हवा, निम्मा वेळ दिलेला, प्रोग्रामिंग येणारा. आठवड्याला अर्धा तास बैठक, आणि अपवादांची एक वही: कुठल्या स्क्रीनने कुठला नियम का मोडला. एकच अपवाद तिसऱ्यांदा आला तर नियम बदला. प्रत्येक पतसंस्थेला आपला लोगो आणि आपला रंग हवा असतो. लोगो आणि मुख्य-कृतीचा-रंग एवढे दोनच बदलू द्या, आणि दिलेल्या रंगावर पांढरा मजकूर ४.५ ला बसत नसेल तर प्रोग्रामने स्वतः गडद छटा घ्यावी. पिवळा मागणारे हमखास भेटतात.

बदल ग्राहकाकडे न्यायची वेळही ठरवून घ्या. पतसंस्थेला फेब्रुवारी-मार्चमध्ये हात लावू नका, कारखान्याला गाळप सुरू असताना नाही. नेण्याचा क्रम ठरवण्याच्या क्रमापेक्षा वेगळा: आधी शब्द आणि संदेश बदला, कारण त्यात मोडण्यासारखं कमी असतं. मग रक्कम-तारीख-शोध हे तीन रकाने. कळा सगळ्यात शेवटी, आणि त्यासोबत सेटिंगमध्ये 'जुन्या कळा' हा पर्याय तीन महिने ठेवा. कुणी तो वापरतंय का हे लॉगमध्ये मोजा. तीन महिन्यांनंतरही एखाद्या शाखेत तो चालू दिसला तर फोन न करता तिथे जाऊन अर्धा तास त्या कारकुनाच्या मागे उभं राहा. कुठली कळ चुकीची निवडली गेली ते त्याची बोटंच दाखवतील.